अठ्ठावन्नाव्या खुणेवर

आमच्या पोद्स्काला गावात स्कीवरून घेतलेली उडी भिंतीने म्हटल्याखेरीज उडी ठरत नाही. भिंत म्हणजे सिवा स्तेना. ज्युलियन आल्प्सची ही करडी चुनखडी गावाच्या दक्षिणेस सरळ आभाळात चढत गेली आहे, आणि तिच्या पायथ्याच्या दरडीवर आमच्या आजोबांच्या पिढीने उड्यांचा उतार कोरला. उडी घेणारा जिथे टेकतो तिथे माप घेणारा आपली काठी धरतो आणि आकडा ओरडतो. बाजूच्या लाकडी मनोऱ्यावरचा निवेदक तोच आकडा कर्ण्यातून पुन्हा सांगतो, आणि क्षणभराने भिंत त्याचे शेपूट परत पाठवते. तोवर काठी जागची हलवायची नाही. आणि काठी उतारावर असेपर्यंत वर उभ्या असलेल्या पुढच्या खेळाडूला झेंडा दाखवायचा नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही. शेजारच्या प्लानित्साच्या खोऱ्यात मनुष्य स्कीवरून प्रथमच शंभर मीटरांपलीकडे गेला. तिथले लोक आमच्या या रिवाजाला हसतात. हसोत. त्यांच्या टेकडीला उत्तर देणारे कोणी नाही.

उताराच्या कडेने दर मीटरला एक खूण असते; मी एकतीस वर्षे त्यांतल्या अठ्ठावन्नाव्या खुणेपाशी माप घ्यायला उभा राहत आलो होतो. उरलेले दिवस गावच्या शाळेत भूमिती शिकवली. दोन्ही कामे मला एकाच व्रताची दोन अंगे वाटत आली आहेत. जे जिथे आहे ते तिथेच दाखवावे, आपल्या मनाचा त्यात कणही मिसळू देऊ नये, एवढेच ते व्रत.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी जानेवारी कोरडा गेला आणि फेब्रुवारीत दक्षिणेचा उष्ण वारा सुटला. उतारावर होता नव्हता तो बर्फ तीन दिवसांत वितळला आणि खालून दरडीचे पांढरे दगड वर आले. पाणी शिंपडून गोठवावे म्हटले, तर या पर्वतावर पाणी कुठले? चुनखडी पाणी अंगावर ठेवत नाही, पिऊन टाकते. पावसाचा थेंब इथे पडतो आणि दोन गावे पलीकडे झरा होऊन निघतो. वार्षिक स्पर्धा आठवड्यावर आली होती, पाच गावांचे खेळाडू येणार होते, आणि क्रीडामंडळाचे अध्यक्ष लोव्रो प्रिस्तावेत्स दवाखान्याबाहेरच्या रोग्यासारखे आभाळाकडे बघत बसले होते.

तेव्हा नेझा कावालार पुढे आली. नेझा उन्हाळाभर वरच्या कुरणावर गुरे राखून चीज करते. साठीची, रुंद खांद्यांची, आवाजाने दगड हलवणारी बाई. भिंतीच्या कुशीत चुनखडीने स्वतःच्याच पोटात पाडलेला एक खोल खड्डा आहे. त्यात सूर्य कधी उतरत नाही, म्हणून जुना बर्फ आषाढातही तळाशी असतो. आम्ही त्याला हिमकूप म्हणतो. उन्हाळ्यात नेझा तिथून दूध थंड ठेवायला बर्फ आणते. तिने गावातल्या आठ बायका बरोबर घेतल्या आणि चार दिवस, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, पाठीवरच्या टोपल्यांतून हिमकूप उतारावर आणून ओतला. पुरुषांनी तो फळ्यांनी थापला, मीठ मारून वरचा थर विरघळवला आणि पुन्हा घट्ट गोठू दिला. शनिवारी दुपारी उतार पांढरा झाला.

त्या आठ बायकांत नेझाची भाची पोलोना रझिंगर होती. वय एकोणीस. दूधसंकलनाच्या केंद्रावर किटल्या उचलायची. तिचा थोरला भाऊ सैन्यात गेला तेव्हा त्याच्या स्की घरी राहिल्या. दोन हिवाळे, आठवड्याच्या मधल्या दिवसांत, उतारावर कोणी नसताना, ती त्या स्कीवरून उड्या घेत होती. शाळेच्या खिडकीतून मला दिसायची. मी कोणाला बोललो नाही. नंतर कळले की खिडकीतून बघणारे आणि कोणाला न बोलणारे गावात पुष्कळ होते.

शनिवारी शेवटची टोपली रिकामी झाल्यावर पोलोना प्रिस्तावेत्सांपुढे जाऊन उभी राहिली.

"अध्यक्ष, उद्याच्या यादीत माझं नाव लिहा."

"कशाच्या यादीत? चहाच्या?"

"उड्यांच्या."

आजूबाजूचे फळ्या थापणारे थांबले. प्रिस्तावेत्स वाईट मनुष्य नव्हते. पण प्रांताच्या मंडळाचा निरीक्षक दुसऱ्या दिवशी येणार होता आणि त्यांना त्याचे भय होते.

"हे बघ पोरी, हा हट्ट करायचा विषय नाही. डॉक्टर लोक सांगतात. टेकताना दणका बसतो. बाईच्या शरीराला तो सोसत नाही, पुढे मुलंबाळं व्हायची असतात..."

"चार दिवस हा बर्फ पाठीवरून आणला तेव्हा तुमचे डॉक्टर कुठे होते?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? रोज चाळीस लिटरची किटली उचलते, तेव्हा कोणी डॉक्टर आडवा येत नाही. आला तर म्हणेन, बाबा, तूच धर किटलीचा दुसरा कान."

कोणीतरी हसले. प्रिस्तावेत्स लाल झाले. "नियमात बसत नाही म्हणजे बसत नाही. विषय संपला."

"बरं," मागून नेझाचा आवाज आला. तिने टोपली पाठीवर चढवली, फावडे घेतले आणि उताराच्या तळाशी जाऊन बर्फ खरवडून टोपलीत भरू लागली. तिच्यामागे दुसरी बाई गेली. मग तिसरी.

"अगं नेझा! काय चाललंय काय तुझं?"

"आमचा बर्फ आम्ही परत नेतो, लोव्रो. खड्ड्यातून आणला तसा खड्ड्यात टाकतो. तू आणि तुझे गडी उद्या गोट्यांवरून उड्या मारा. दणका बसला तरी तुमच्या शरीराला सोसतो ना?"

"वेडी आहेस का? पाच गावं येतायत!"

"येऊ देत. पाच गावांना सांगेन, याचं शेंबडं नाक मी पुसलंय, तेव्हाही असाच रडायचा."

तोवर तळाशी हातभर रुंदीचा दगडांचा पट्टा उघडा पडला होता. प्रिस्तावेत्सांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मी काठीच्या टोकाचा लोखंडी गज पुसत होतो. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे! उडी घेऊ दे तिला. स्पर्धेच्या आधी वाट दाबायला एक उडी लागतेच. ती घेईल. झालं समाधान?"

बायकांनी टोपल्या उपड्या केल्या. गडी ओरडले, नेझाने डोक्याचा रुमाल सोडून हवेत फिरवला. पोलोना मात्र हसली नाही. तिला कळले होते, आणि मलाही. वाट दाबणारी ती पहिली उडी आमच्याकडे मोजत नाहीत. तिला छातीवर आकडा नसतो, माप नसते, मनोऱ्यावरून उच्चार नसतो. ती झाली काय, न झाली काय, भिंतीला पत्ता लागत नाही. तिला जे हवे होते नेमके तेच प्रिस्तावेत्सांनी काढून घेतले होते, आणि गाव त्यांचे आभार मानत होते.

सायंकाळी ती माझ्या दाराशी आली. मी जेवायला बसलो होतो. ताटात कुट्टूच्या पिठाचा घाटा आणि आंबट सलगम होते. तिला बस म्हटले, ती उभीच राहिली.

"मास्तर, उद्या मी अठ्ठावन्नावर आले तर काठी धराल?"

"पहिल्या उडीचे माप घेत नाहीत, पोलोना. तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे म्हणूनच विचारते."

नियम हा माझ्या आयुष्याचा कणा होता; तो एका सायंकाळी दाराशी आलेल्या मुलीसाठी वाकवायचा कसा? दुसरीकडे हेही मनात आले की जमिनीवर पाऊल उमटते तेव्हा ते कोणाचे आहे हे जमीन विचारत नाही.

"तुम्हीच शिकवलं होतं," ती म्हणाली. "मध्य काढायला सुतळीने मापायचं आणि सुतळी दुमडायची. मी वर्गात विचारलं होतं, मध्य कुठे ते कोण ठरवतं? तुम्ही म्हणालात, कोणी ठरवत नाही, तो असतो."

मग ती निघून गेली. घाटा थंड झाला.

रविवारी सकाळी दहा वाजता सारा उतार माणसांनी वेढला होता. सॉसेज भाजल्याचा वास, चहात घातलेल्या रमचा वास, पाच गावांची पाच वाद्ये एकाच वेळी. निरीक्षक तळाशी खुर्चीवर बसले होते. प्रिस्तावेत्स आमच्या ओळीतून, पन्नासाव्या खुणेपासून बासष्टाव्यापर्यंत, प्रत्येक माप घेणाऱ्यापाशी थांबून एकच वाक्य सांगत गेले. "पहिल्या उडीला हात खिशात." माझ्यापाशी आले तेव्हा म्हणाले, "मास्तर, तुम्हाला सांगायला नकोच."

"नकोच," मी म्हणालो. ते समाधानाने पुढे गेले.

माझ्या वरच्या अंगाला, सत्तावन्नावर, तीने नावाचा सुतार उभा होता. त्याने हात खिशात घातले आणि माझ्याकडे ओशाळून पाहिले. "काय करणार मास्तर, मंडळाने यंदा माझ्या छपराची लाकडं द्यायची कबूल केलीत."

वर झेंडा हलला.

पोलोनाने भावाचा मोठा स्वेटर घातला होता, बाह्या दोनदा दुमडलेल्या. घसरपट्टीवरून ती खाली येताना मला तिचा चेहरा दिसला नाही. फक्त एक गडद ठिपका, वाढत जाणारा. कडेपाशी ती उघडली. याहून योग्य शब्द मला सापडत नाही. मिटलेले काहीतरी उघडावे तसे तिचे अंग स्कीवर पुढे पसरले, हात आमच्या काळच्या पद्धतीने समोर, आणि पाठीमागे सिवा स्तेनाचा करडा खडक. सारी वाद्ये थांबली होती. वाऱ्याचा आवाज स्कींखालून माझ्याकडे आला, वर आला, जवळ आला. तिने एक पाय पुढे, एक मागे घेऊन, गुडघे वाकवून, माझ्यासमोर बर्फाला स्पर्श केला. तो स्पर्शच होता, दणका नव्हता.

आणि माझा हात आधीच पुढे गेला होता. मी दोन पावले उतारावर टाकली आणि तिच्या पावलाच्या खुणेत काठी रोवली.

"अठ्ठावन्न!"

एवढ्या मोठ्याने मी वर्गातही कधी ओरडलो नव्हतो.

मनोऱ्यावर याका होता, माझा मेहुणा, गावचा निवेदक. कर्णा खरखरला, आणि गप्प झाला. तळाशी प्रिस्तावेत्स दोन्ही हात हलवत होते.

"मास्तर! ती पहिली उडी आहे! बाजूला व्हा!"

"आकडा अजून उच्चारलेला नाही," मी म्हणालो.

"उच्चारायचाच नाहीये!"

"मग काठी हलायची नाही."

ते उतार चढून आले, धापा टाकत. आवाज खाली आणून म्हणाले, "निरीक्षक बघतायत हो. माझं काय होईल? एकतीस वर्षांत तुम्ही एकदा तरी असं वागलात का?"

"एकतीस वर्षांत काठी धरल्यावर आकडा उच्चारला नाही, असे एकदा तरी झाले का?"

वर खेळाडू रांगेत उभे होते. झेंडा धरणाऱ्याने झेंडा काखेत मारला. काठी उतारावर होती, तो काय करणार? कोणी शिट्टी मारली. कोणी म्हणाले, "म्हाताऱ्याला उचला." शेजारगावचा एक आडदांड गडी खरोखरच कुंपण ओलांडून माझ्याकडे निघाला. त्याच्या वाटेत नेझा आली. तिच्या पाठीवर रिकामी टोपली अजून तशीच होती.

"कुठे निघालास, बाळ?"

"त्याला बाजूला करायला."

"कर. पण आधी मला कर."

त्याने तिच्याकडे पाहिले, तिच्या खांद्यांकडे पाहिले, आणि कुंपणाकडे परतला. लोक हसले. पण हसण्याने काही सुटत नव्हते, आणि वेळ जात होता. भिंतीच्या माथ्याशी एक खाच आहे. फेब्रुवारीत बाराच्या सुमारास सूर्य तिच्यात येतो आणि तासभर उतारावर पडतो. त्या दिवशी वारा उष्ण होता. सूर्य खाचेत आला की हिमकुपाचा बर्फ तासभरही टिकणार नाही हे प्रिस्तावेत्सांना माहीत होते, मला माहीत होते, आणि वर उभ्या असलेल्या प्रत्येक खेळाडूला माहीत होते. खाचेची एक कड उजळलीही होती.

उतारावर स्थिर उभे राहणे सोपे नाही, आणि मी तरुण नव्हतो. मी काठीवर भार टाकला आणि डोळे भिंतीवर ठेवले. प्रिस्तावेत्स मनोऱ्याकडे वळून ओरडले, "याका, काहीतरी बोल! पुढचा खेळाडू जाहीर कर!"

कर्ण्यातून याकाचा खाजगी आवाज साऱ्या खोऱ्याला ऐकू आला. "पुढचा कसा जाहीर करू? मागच्या उडीची काठी अजून उभी आहे. माझी बहीण मास्तरांच्या घरात राहते, अध्यक्ष. मला संध्याकाळी जेवायला तिथेच जायचंय."

सारा उतार हसला, आणि त्या हशात निरीक्षकही सामील झाले. मला वाटते, तिथेच गाठ सैल झाली. निरीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, आणि प्रिस्तावेत्सांना हाक मारून म्हणाले, "सांगून टाका एकदा आकडा. कागदावर कोण लिहितंय? माझे पाय गारठलेत."

याकाने घसा साफ केला. कर्णा खरखरला.

"थांबा!"

हाक पोलोनाची होती. स्की खांद्यावर घेऊन ती तळापासून उतार चढून येत होती. साऱ्या गोंधळात तिच्याकडे कोणाचे लक्षच नव्हते. ती माझ्यापाशी आली, वाकली, आणि बर्फातल्या खुणा पाहिल्या. मग माझ्या काठीकडे पाहिले.

"मास्तर, हे पुढचं पाऊल आहे."

मी खाली पाहिले. काठी पुढच्या पावलाच्या खुणेत रोवलेली होती. मागच्या पावलाची खूण एक मीटर वर, तीनेच्या खुणेसमोर होती. माप दोन पावलांच्या मध्यावर घ्यायचे असते. एकतीस वर्षांत हजारो उड्यांचे मी तसेच घेतले होते. आणि आज, जिच्यासाठी माझा हात न सांगता पुढे गेला होता, तिला त्याच हाताने अर्धा मीटर जास्त दिला होता. माझ्या मनाचा कण काठीत मिसळला होता.

"राहू दे गं," नेझा खालून ओरडली. "अठ्ठावन्न म्हणतायत तर घे की!"

"नको आत्या. उद्या हेच म्हणतील, मास्तरांनी पोरीला खिरापत दिली."

ती गुडघ्यांवर बसली. बुटाची नाडी सोडली, ती दोन खुणांमध्ये ताणून धरली, दुमडली आणि दुमडीच्या जागी बर्फावर बोटाने रेघ ओढली. मग उठून मला वाट दिली.

मी काठी उपटली आणि रेघेवर धरली. माझा आवाज मला परका वाटला.

"सत्तावन्न आणि अर्धा."

तीनेचे हात खिशातून बाहेर आले होते. त्याने त्याच्या बाजूने वाकून रेघ पाहिली आणि मनोऱ्याकडे तोंड करून ओरडला, "बरोबर! सत्तावन्न आणि अर्धा!" छपराची लाकडे बहुधा त्याला त्या क्षणी आठवली नसावीत.

याकाने आकडा कर्ण्यातून सोडला. खोरे शांत झाले. पाच गावांची माणसे, त्यांतली आमच्या रिवाजाला हसणारीही, भिंतीकडे वळली. चुनखडीने जरा वेळ घेतला. मग तिने आकड्याचे शेपूट, नेहमीप्रमाणे जरासे खर्जात, परत पाठवले.

"...अर्धा."

मी काठी उचलली आणि बाजूला झालो.

त्या दिवशी तिच्याहून लांब उडी चौदा जणांनी घेतली. सर्वांत लांब उडी साडेबासष्ट मीटरांची होती आणि ती घेणाऱ्याला पिंप भरून बिअर मिळाली. शेवटचे तिघे लगदा झालेल्या बर्फावर टेकले. एक पडला, पण हाडे शाबूत राहिली. यादीत पोलोनाचे नाव नव्हते आणि नंतरही घातले गेले नाही.

स्पर्धा संपल्यावर प्रिस्तावेत्स माझ्याकडे आले. म्हणाले, मंडळाने ठरवले आहे, पुढच्या वर्षीपासून अठ्ठावन्नावर दुसरा मनुष्य उभा राहील. तेव्हा काठी द्यावी. त्यांच्या मागे नेझा टोपली बांधत होती, पोलोना एक बूट नाडीविना घालून स्कींना मेण लावत होती.

"काठी मंडळाची आहे, मास्तर," ते म्हणाले.

"आहे," मी म्हणालो. "पण आज एकदा ती चुकली. ती चूक मला सुधारायची आहे. तोवर देता येणार नाही."

"सुधारायची म्हणजे? कधी?"

मी पोलोनाकडे पाहिले. तिने मान वर केली नाही. मेणाचा तुकडा स्कीवरून लांब ओढत म्हणाली, "बुधवारी. केंद्राला सुट्टी आहे."

बुधवारी सकाळी मी काठी घेऊन उतारावर गेलो. बर्फ अर्धाअधिक गेला होता. नऊ बायका टोपल्या घेऊन हिमकुपाकडून उतरत होत्या, आणि मनोऱ्यावर याका कर्णा पुसत बसला होता.